प्रोसेसरचं हळदीकुंकू

माझी मुलगी जर्मनीत राहते आणि दर रविवारी दुपारी एक वाजता माझ्याबरोबर जेवते.

म्हणजे ती तिकडे, मी इकडे कोल्हापुरात, आणि मध्ये कॉम्प्युटर. माझ्याकडे एक वाजतो तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. मी तांबडा रस्सा भुरकत असतो, ती कसला तरी करकरीत पाव चावत असते. पण दोघांची तोंडं एकाच वेळी हलतात, एवढं मला पुरतं. बाकीचे सहा दिवस मी ओट्याशी उभ्याउभ्याच जेवून घेतो. एकट्यासाठी टेबलावर ताट-वाटी मांडायची म्हणजे स्वतःच्याच घरी पाहुणा म्हणून आल्यासारखं वाटतं, आणि आग्रह करायलाही कुणी नसतं!

सुमन, म्हणजे माझी बायको, जाऊन चार वर्षं झाली. वैशाली, म्हणजे ही मुलगी, दोन वर्षांच्या करारावर जर्मनीला गेली. येत्या दिवाळीला ती दोन वर्षं भरणार होती. करार संपला की ती कायमची परत येणार, असं ठरलं होतं. (ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. तिला विचारायचं राहून गेलं होतं.)

मोबाइलवर बोलता येत नाही का, असं सगळे विचारतात. येतं की! पण मोबाइल हातात धरला तर जेवायचं कशानं? तांब्याला टेकवून ठेवला तर पोरीला माझ्या नाकपुड्यांखेरीज काही दिसत नाही. शिवाय फोनवर आमचं बोलणं दीड मिनिटात आटपतं. जेवलासा? जेवलो. गोळ्या घेतलासा? घेतल्या. ठेवू? ठेव. कॉम्प्युटरसमोर मात्र गप्प बसलं तरी चालतं, आणि मला माणसाशी गप्प बसायची फार सवय आहे. एका साखर कारखान्याच्या टाइमऑफिसात तीस वर्षं मी हेच केलं.

तर हा कॉम्प्युटर. वैशूच्या कॉलेजसाठी घेतलेला. पुढे कॉलेज संपलं, तिची नोकरी लागली, ती विमानात बसली, आणि कॉम्प्युटर माझ्या पदरात पडला. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की मी बटण दाबून कुकर लावायचो. तीन शिट्ट्या झाल्या की पडद्यावर काहीतरी दिसायला लागायचं. वैशू बोलता बोलता डोळे मिटलेल्या आणि तोंड उघड्या अवस्थेत अडकायची. एकदा तर मी पाच मिनिटं तिला शेजारच्या लग्नाची हकिकत सांगत होतो आणि ती शिंकायच्या बेतात थांबलेली. मला वाटलं, पोरगी लक्ष देऊन ऐकतेय.

मग एका रविवारी त्यानं हात टेकले. 'हा कॉम्प्युटर या कामासाठी पुरेसा वेगवान नाही' अशी पाटी आली आणि जेवण एकट्यानं झालं. संध्याकाळी वैशूचा फोन आला.

"बाबा, मी पैसे पाठवतो. नवा लॅपटॉप घ्या की." (आमच्या कोल्हापूरच्या मुली येतो, जातो, पाठवतो असंच म्हणतात. जर्मनीचं पाणीसुद्धा त्यावर काही करू शकलेलं नाही.)

"माझं मी बघतो," मी म्हणालो. आमच्या घरातल्या बहुतेक सगळ्या आपत्तींची सुरुवात या वाक्यानं झालेली आहे.

राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं कॉम्प्युटर उघडून पाहिला आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन डॉक्टर पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं. सगळंच नवं घ्या म्हणाला. मी म्हटलं, बजेट नाही. मग त्यानं सांगितलं, की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, तेवढा जरा बरा घातला तर दोन-चार वर्षं निघतील. पण या जुन्या बोर्डावर बसणारा मेंदू आता नवा मिळत नाही, वापरलेला शोधावा लागेल. वापरलेला मेंदू! मला हे फारच पटलं. मी स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यानंच चाललो होतो.

शोधता शोधता कबनूरच्या मगदूम अण्णांचा पत्ता लागला. अण्णांचे यंत्रमाग. त्यांनी कारखान्याच्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढून नवे घेतले होते आणि जुने सुटे करून विकत होते. मी एसटीनं गेलो. मागांच्या खडखडाटात अण्णा ओरडून बोलत होते, मी ओरडून घासाघीस करत होतो.

"पावणं, मेंदू घ्यालायसा, मेथी न्हवं," अण्णा म्हणाले. तरीही थोडे कमी केले. बिस्किटाएवढी ती वस्तू प्लॅस्टिकच्या डबीत घालून त्यांनी माझ्या हातावर ठेवली, सोबत करड्या मलमाची एक चिमुकली नळी दिली आणि बजावलं, "ह्या सोनेरी बाजूला अजिबात बोट लावायचं न्हाई. वरच्या चकचकीत बाजूला हा लेप लावायचा आणि वर त्याचा पंखा आवळायचा. संपलं."

एवढं सोपं होतं.

आता सुमनची एक रीत सांगायला हवी. घरात नवी वस्तू आली की तिला हळदीकुंकू लागल्याशिवाय ती वापरायची नाही. फ्रीज, मिक्सर, स्कूटर, गॅसची नळी, सगळ्यांना कुंकू लागलं होतं. माझी कवळी आली तेव्हा तिलाही लागलं. पुढचे दोन दिवस मी ज्याच्याकडे पाहून हसलो तो दचकला.

सुमन गेल्यापासून घरात नवी म्हणावी अशी वस्तूच आली नव्हती. चार वर्षांत पहिला आला तो हा प्रोसेसर. मी तो ताटलीत ठेवून देवापुढं नेला. खरं सांगायचं तर काही ठरवलं नव्हतं, हात आपोआप करंड्याकडे गेला. सोनेरी बाजूला बोट लावायचं नाही ही अण्णांची आज्ञा माझ्या चांगली लक्षात होती, म्हणून मी काटेकोरपणे चकचकीत बाजू निवडली. पाण्याचा थेंब घालून कुंकू कालवलं, बोटभर लावलं. वर हळद. वर चार-पाच अक्षता. त्या छान चिकटल्या. हात जोडले, आणि मग तिथंच बराच वेळ उभा राहिलो. घरात काहीतरी नवीन आलंय आणि ते दाखवायला कुणी नाही, ही फार वाईट गोष्ट असते.

बसवायला रंगराव आला. रंगराव पोवार समोरच्या घरात राहतो. चाळीस वर्षं त्यानं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, त्यामुळे ज्याला वायर आहे ते सगळं आपल्याला येतं असं त्याचं मत आहे. तो सुमनच्या माहेरचा, शाहूवाडीकडचा, म्हणून तिला अक्का म्हणायचा आणि मला दाजी म्हणतो. त्यानं जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, लेपाची नळी उघडली आणि थांबला.

"दाजी, लेप ह्याच्यावरच लावायचा न्हवं?"

"ह्याच्यावरच."

"मग कुंकू पुसाय लागंल."

कुंकू पुसायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी म्हटलं, तू पूस. तो म्हणाला, अक्काच्या घरातलं कुंकू मी पुसू व्हय, तुम्ही पुसा. मी म्हटलं, मी तर मुळीच पुसणार नाही. दोन म्हातारे एका बिस्किटाएवढ्या तुकड्याकडे बघत बसून राहिले. शेवटी रंगरावानं तोड काढली.

"पुसायचं कशाला? लेप वरनंच देऊया. कुंकवानं कुठं कुणाचं वाईट हुतंय?"

मला हे इतकं पटलं की मी त्याला चहा दिला. त्यानं कुंकवावर, हळदीवर आणि अक्षतांवर लेप थापला आणि वरून पंखा आवळला, तो विहिरीवरची मोटर बसवावी तसा.

कॉम्प्युटर सुरू झाला तो एका शिट्टीत! रविवारी एक वाजता वैशू पडद्यावर आली ती अशी लख्ख, की मला आधी ओळखूच येईना. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. गळ्याची हाडं दिसत होती. इतके दिवस ती धुरकट दिसायची म्हणून मला वाटायचं, मजेत आहे. मी विचारलं, नीट खातेस ना? ती म्हणाली, खातो की, हे काय. आणि पाव दाखवला. दहा-अकरा मिनिटं सगळं झकास चाललं. मग तिनं पाव खाली ठेवला.

"बाबा, दिवाळीचं सांगायचं होतं. मी..."

आणि कॉम्प्युटर बंद. पडदा काळा, त्यात माझंच तोंड.

पुन्हा लावला. पुन्हा ती 'दिवाळी'पर्यंत आली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर नुसतं 'बाबा' झालं. मग तिनं फोन केला आणि विचारलं, "तुम्ही मुद्दाम बंद करालायसा काय?"

"मी कशाला बंद करू?"

"बरं. ऱ्हाऊ दे. फोनवर नको, रविवारी समोरासमोर सांगतो."

फोन ठेवला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दिवाळीचं सांगायचं होतं, मी... यापुढं दुसरं काय असणार? मी येणार. तिकीट काढलं. तारीख ठरली! समोरासमोरच सांगण्यासारखी गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीला रंग द्यायला माणूस लावला. मंगळवारी गादी पिंजायला टाकली. बुधवारी तिच्या जुन्या गाडीला बॅटरी घालून घेतली. रंगरावाला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. त्यामुळे गुरुवारी दूधवाल्यानं विचारलं, ताई कधी येणार? शुक्रवारी गल्लीतल्या बायका चकलीच्या भाजणीचं विचारून गेल्या. शनिवारी रात्री झोपताना माझ्या लक्षात आलं, की या आठवड्यात मी एकदाही उभ्यानं जेवलो नव्हतो.

आता फक्त तारीख कानावर यायची होती. त्यासाठी कॉम्प्युटर पंधरा मिनिटं चालणं भाग होतं. रंगरावानं निदान केलं, तापतोय. उपाय म्हणून रविवारी त्यानं खोक्याची बाजू उघडी टाकली, समोर पातेलंभर बर्फ ठेवला आणि स्वतः पुठ्ठा घेऊन वारा घालत बसला. वैशूनं विचारलं, रंगामामा खाली बसून काय करालाय? मी म्हटलं, काही नाही, तू बोल. ती बोलायला लागली. 'दिवाळी' म्हणाली. बंद!

या वेळी फोनवर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ऐकायचंच नसलं तर तसं सांगा." मी म्हटलं, अगं, ऐकायचंच आहे, त्याच्यासाठी तर ही सगळी धडपड! तिनं फोन ठेवला. तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. आनंदात असलेल्या माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं.

सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटरचं खोकं मांडीवर घेऊन कबनूरच्या एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, पावणं, ह्येचं तिकीट? मी म्हटलं, लेकीचं आहे. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं गेला.

अण्णांच्या कारखान्यात मी चार कामगारांसमोर आवाज चढवला. तुमचा मेंदू बाद आहे म्हटलं. फसवलंत म्हटलं. एका बापाच्या पोरीची दिवाळी अडकलीय म्हटलं. अण्णा शांतपणे स्क्रू काढत होते. त्यांनी पंखा उचलला आणि तसेच थांबले. मग जवळचा माग बंद करायला सांगितला, कारण ही गोष्ट ओरडून विचारण्यासारखी नव्हती.

"पावणं, ह्ये काय हाय?"

मी वाकून पाहिलं. करड्या लेपात तांबडी पोळी जमली होती आणि त्यात पाच दाणे, चांगले खरपूस झालेले.

"अक्षता," मी म्हणालो.

"कशाला?"

"नवीन वस्तू आली म्हणून."

"नवीन कुठली? माझ्याकडंच सहा वर्सं राबलीय ती." मग त्यांनी समजावलं, की पंखा अगदी चिकटून बसला तरच उष्णता निघून जाते. तुमच्या अक्षतांनी तो वर उचलून धरला. वारा वरनं जात होता आणि खाली भात शिजत होता. कामगार हसले. मीही हसलो, कारण आता दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

अण्णांनी पुसायला कापड घेतलं आणि त्यांचाही हात थांबला. "कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"मीच. म्हणजे, मंडळी लावायची. ती नाही आता."

त्यांनी कापड माझ्या हातात दिलं. "मग तुम्हीच पुसा."

मी पुसलं. चार वर्षं मला वाटत होतं, की सुमन गेल्याचं मी सोसून बसलोय. ते खरं नव्हतं, हे मला यंत्रमागांमध्ये उभं राहून, एक प्रोसेसर हातात धरून कळलं. ते कापड मी घडी करून खिशात घातलं. अण्णांनी त्याचे पैसे लावले नाहीत. नवा लेप लावला, पंखा बसवला, आणि बजावलं, आता ह्येची पूजा करू नका.

पुढच्या रविवारी मी अर्धा किलो मटण आणलं. एकट्याला कसलं अर्धा किलो? पण तारीख कळणार होती. रंगरावाला मुद्दाम बोलावलं नाही, ही गोष्ट मला एकट्यानं ऐकायची होती. एक वाजता वैशू आली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कॉम्प्युटर गार. मी भाकरीचा घास रश्शात बुडवून उचलला, आणि म्हटलं, हं, बोल आता दिवाळीचं.

ती बोलली. कंपनीनं आणखी तीन वर्षं विचारलंय. तिनं हो म्हटलंय. दिवाळीला यायला जमणार नाही, सुट्टी मिळत नाही. उन्हाळ्यात बघतो म्हणाली. हे सांगायला ती तीन रविवार झटत होती आणि तिला वाटत होतं, बाबांना आधीच कळलंय म्हणून ते मुद्दाम कॉम्प्युटर बंद करतात.

मी कॉम्प्युटरला मनातल्या मनात म्हटलं, आता पड की बंद! तू आजवर नको तेव्हा पडलास, आता मी हात जोडतो. पण तो काय चालला, काय चालला! एक शब्द तुटला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेसुद्धा मला स्वच्छ दिसलं. आणि मग मला जे सुचलं ते मी केलं. मी अडकलो. घास तोंडासमोर, तोंड उघडं, डोळे समोर. पापणीसुद्धा हलवली नाही.

"बाबा? बाबा, ऐकू येतंय काय?"

मी हललो नाही.

"अडकलं वाटतं," ती म्हणाली. जरा वेळ माझ्याकडे बघत बसली. मग हळू आवाजात बोलायला लागली. "ऐकू येत न्हाई ते बरंच हाय. बाबा, मला हितं अजिबात करमत न्हाई. सगळा आठवडा मी उभ्यानंच खातो. रविवारी तेवढं टेबलावर बसतो, तुम्ही असता म्हणून. पण आत्ता सोडून आलो तर परत असं काम मिळायचं न्हाई. तुम्ही रागावू नका. आणि..." ती थांबली. नाक पुसलं. "आणि आता हात खाली घ्या. रस्सा गळालाय."

मी खाली पाहिलं. मनगटावरून कोपरापर्यंत तांबडा ओघळ आला होता आणि कोपरावरून थेंब थेंब माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होते. मी हात खाली घेतला. खोटं बोलायला आता काहीच शिल्लक नव्हतं.

"मलाही करमत नाही गं," मी म्हणालो. "अजिबात करमत नाही."

ती रडता रडता हसली, मीही तेच केलं, आणि मग आम्ही दोघं नीट जेवलो. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्यासाठी मी एक प्रोसेसर घेतला, दोनदा कबनूरला गेलो, खोलीला रंग दिला, बॅटरी घातली आणि एक सदरा घालवला. मोबाइलवर ते फुकट बोलता आलं असतं. पण बजेटचं कधीच जमलं नाही मला.